वऱ्हाडातला ‘र’ कुठे हरवतो? – ‘फॉन्ट बदला’ या सल्ल्याची समीक्षा

‘मराठी नीट दिसत नाही’ असं म्हणायचा अवकाश, की आजूबाजूचा प्रत्येक जण एकच औषध सांगतो : फॉन्ट बदला. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. आज या सल्ल्याचीच समीक्षा करायची आहे, कारण माझ्या पीएचडीच्या कामातली एक मोठी चूक मला त्याच्यामुळे फार उशिरा दिसली.

सुट्टीत घाटंजीला घरी गेले होते. एक अर्ज छापून घ्यायला टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात बसले होते. दुकानदारदादांनी फोनवर आलेला मजकूर कॉपी करून एका साध्या एडिटरमध्ये टाकला, तिथून छपाईच्या फाइलीत नेला, आणि मथळ्यात उमटलं : ‘शेतकर्यांच्या नुकसानभरपाईबाबत’. फोनवर ‘शेतकऱ्यांच्या’ बरोबर दिसत होतं. दादा म्हणाले, “ताई, तुम्ही कंप्युटरमधलंच शिकता न? मंग सांगा, हा र डोक्यावर कामून चढला?” मी ऐटीत म्हटलं, फॉन्ट बदला. त्यांनी एकामागून एक तीन फॉन्ट लावून पाहिले. र तिन्ही वेळा डोक्यावरच बसून होता. शेवटी त्यांनी तो शब्द हाताने पुन्हा टाइप केला, आणि तो लगेच बरोबर आला.

बघा, अक्षर तेच, फॉन्ट तोच, एडिटर तोच. मग पुन्हा टाइप केल्याने काय बदललं?

आधी र विषयी दोन शब्द. मराठीत र जोडाक्षरात पहिला आला, की दोन रूपं घेतो. एक रफार : सूर्य, धर्म. दुसरा तो अर्धचंद्रासारखा आडवा र, ज्याला पापणीचा र असंही म्हणतात : दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड. ही नुसती लिहिण्याची हौस नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्याला बोलवा’ म्हटलं तर विद्वान येईल, ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. उच्चारातही फरक आहे : रफाराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, पापणीच्या र आधी येत नाही.

आणि आपल्या भागात तर या र शिवाय पान हलत नाही. प्रदेशाचं नावच वऱ्हाड; अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे त्याचे जुने चार जिल्हे. शेतात पऱ्हाटी उभी असते, चुलीला तुऱ्हाटी लागते. आणि ज्या शब्दामुळे यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं, त्यातही हाच र आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होता. त्या काळापासून ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ हे दोन शब्द आपल्या जिल्ह्याला जणू चिकटूनच बसले आहेत.

आता माझं संशोधन काय, ते एका वाक्यात सांगते. मराठी बातम्यांमध्ये ‘शेतकरी’ हा काही करणारा म्हणून येतो, की त्याच्याबाबतीत काहीतरी घडतं म्हणून येतो, हे मी मोजते आहे. ‘शेतकरी मागणी करतात’ हे पहिल्या प्रकारचं, ‘शेतकऱ्यांना फटका बसला’ हे दुसऱ्या प्रकारचं. हजारो वाक्यं डोळ्यांनी वाचणं शक्य नाही, म्हणून प्रोग्रॅम लिहून शब्द शोधते.

घाटंजीहून परतल्यावर मी माझ्याच फाइली उघडून ‘शेतकऱ्या’ हा तुकडा शोधला. काही ठिकाणी भरपूर सापडला. एका स्रोतात मात्र तो शून्य वेळा होता. शेतीच्या बातम्यांनी भरलेली पानं, आणि त्यात ‘शेतकऱ्यांना’ एकदाही नाही? पान उघडून पाहिलं, तर शब्द डोळ्यांसमोर ठळक होता, अगदी बरोबर आकारात. मला दिसत होता, पण प्रोग्रॅमला सापडत नव्हता.

कारण असं. संगणक आकार साठवत नाही, क्रमांकांचा क्रम साठवतो. देवनागरीला युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ एवढी जागा आहे. तिथे र चा क्रमांक ०९३०, हलन्ताचा ०९४डी. र, हलन्त, य असा क्रम लिहिला की रफार मिळतो. पापणीचा र हवा असेल तर मात्र तीन वाटा आहेत.

पहिली वाट : र ऐवजी ऱ हे वेगळं अक्षर, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त, पुढे य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की हाच ऱ उमटतो.

दुसरी वाट : साधा र, त्याला खालचा नुक्ता (०९३सी), मग हलन्त, मग य. युनिकोडच्या नियमाने र अधिक नुक्ता आणि ऱ हे एकच मानायचे असतात.

तिसरी वाट : साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह – शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक २००डी – आणि मग य. हा जोडक शेपिंग करणाऱ्या इंजिनाला सांगतो, ‘बाबा, इथे रफार नको, अर्धं रूप दे.’ युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९६) पापणीच्या र ची वाट ही होती. पुढे ऱ ची वाट मुख्य झाली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून हीही चालू ठेवली. दोन्ही गोष्टी मानकाच्या देवनागरीवरच्या प्रकरणात लिहिलेल्या आहेत.

तिन्ही वाटांनी पडद्यावर दिसतं ते एकच : ऱ्य. पण शोधताना हे तीन वेगळे शब्द असतात. पहिले दोन प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या पायरीने एक होतात. तिसरा होत नाही, कारण जोडक हे स्वतंत्र चिन्ह आहे.

दादांच्या दुकानात काय झालं असणार, ते आता कळलं ना? फोनवरच्या मजकुरात तिसरी वाट असणार. कॉपी करताना कुठल्या तरी पायरीवर ‘न दिसणारा कचरा’ म्हणून जोडक गाळला गेला. उरलं र, हलन्त, य. म्हणजे रफार. तीनच काय, तीनशे फॉन्ट बदलले असते तरी तो र खाली आला नसता, कारण फाइलीतच रफार लिहिलेला होता. फॉन्ट बिचारा आज्ञाधारकपणे सांगितलं तेच दाखवत होता.

‘फॉन्ट बदला’ हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो पाचातल्या एका आजारावर बरोबर लागू पडतो. म्हणून आधी लक्षणं ओळखायला शिकू या.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात? फॉन्टमध्ये ती अक्षरंच नाहीत. इथे फॉन्ट बदला, काम होईल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो, मध्ये चित्रविचित्र चिन्हं? फाइल यूटीएफ-८ आहे आणि एडिटर ती जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तो ‘ए’ सारखा डोकावतो. फाइल शाबूत आहे; योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा, आणि तोवर सेव्ह करू नका.

नुसती प्रश्नचिन्हं दिसतात? सेव्ह करतानाच अक्षरं गेली असण्याची शक्यता मोठी. मूळ प्रत शोधा.

हलन्त सुटे दिसतात, ‘कि’ मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं? हा शेपिंगचा भाग. आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो, पण साठवताना ती व्यंजनानंतर येते. तिला उचलून डावीकडे न्यायचं काम शेपिंग इंजिन करतं. विंडोजमध्ये आधी युनिस्क्राइब आणि नंतर डायरेक्टराइट, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ, अ‍ॅपलकडे कोअर टेक्स्ट. इंजिन नसेल किंवा बंद असेल तर जोडाक्षरं सुटतात. ठिपक्यांचं वर्तुळ मात्र बऱ्याचदा मजकुरातलीच चूक दाखवतं : मात्रेला आधाराचं व्यंजन नाही.

आणि पाचवं लक्षण, जे खरं तर लक्षणच नाही : सगळं सुंदर दिसतं, पण शोध लागत नाही. माझा आजार हाच होता. यावर फॉन्टचा शून्य उपयोग, कारण बिघाड दिसण्यात नाहीच.

जुन्या श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या काळातल्या फाइली याच पाचव्या वर्गात येतात. तिथे पडद्यावर मराठी आकार असले तरी फाइलीत रोमन लिपीचे क्रमांक असतात. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी जसा आकार पाहून खिळा उचलायचा, तशी ती व्यवस्था होती : एक कळ, एक आकार. छापून हातात देण्यापुरती ती उत्तम होती. शोधायची वेळ आली तेव्हा तिचा पाया उघडा पडला. या फाइली युनिकोडमध्ये आणताना पापणीचा र वरच्या तीनपैकी कोणत्या वाटेने जाणार, हे रूपांतर करणाऱ्याच्या तक्त्यावर ठरतं.

आता एडिटरांकडे वळते. मी तीन प्रकारचे वापरते, तिघांनाही गुण देते.

टर्मिनलमधला व्हिम. दिसायला सगळ्यात वाईट. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, प्रत्येक चिन्हाला ठरलेली जागा. मराठी जोडाक्षरांना ही चौकट मानवत नाही. बऱ्याच टर्मिनलांत ऱ्य सुटा पडतो, हलन्त लोंबत राहतो, कर्सर भलतीकडे उभा असतो. पण अक्षरावर कर्सर नेऊन जी आणि ए दाबा, तो क्रमांक सांगतो. कुरूप आहे, पण खोटं बोलत नाही.

ब्राउझरमधले आणि ऑफिसचे देखणे एडिटर. शेपिंग उत्तम, छपाई सुबक. पण तिन्ही वाटांचा ऱ्य ते सारखाच दाखवतात, आणि फरक आहे हे सुचवतसुद्धा नाहीत. वर्डमध्ये अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की क्रमांक दिसतो, पण हे सांगणारं कुणी भेटतं का?

ईमॅक्स. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून यात हार्फबझ आलं, त्यामुळे जोडाक्षरं नीट बसतात. शिवाय कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की चिन्हाचा क्रमांक, वापरलेला फॉन्ट आणि जुळून आलेली अक्षरं, सगळं समोर येतं. शिकायला किचकट, पण दिसणं आणि असणं दोन्ही दाखवतो. माझं मत याला.

या तुलनेतून मला जे म्हणायचंय ते एवढंच : पडद्यावरचं रूप हा पुरावा नाही. व्हिममध्ये मोडका दिसणारा ऱ्य आतून शाबूत असू शकतो, आणि देखण्या एडिटरात झळकणारा ऱ्य पुढच्या पायरीवर मोडणारा असू शकतो. ‘फॉन्ट बदला’ या सल्ल्याचा खरा दोष हा, की तो आपल्याला दिसण्यावर समाधान मानायला शिकवतो. बरोबर दिसलं, की तपास बंद.

आणि याची किंमत काय, ते माझ्या कामात पाहा. ‘शेतकरी’ या मूळ रूपात पापणीचा र नाही. तो येतो विभक्ती लागल्यावर : शेतकऱ्याला, शेतकऱ्यांवर, शेतकऱ्यांच्या. म्हणजे शोधातून जे शब्द गळले ते सरसकट गळले नाहीत, व्याकरणाप्रमाणे गळले. ‘शेतकरी मागणी करतात’ मोजलं गेलं, ‘शेतकऱ्यांवर संकट’ सुटलं. माझ्या पहिल्या तक्त्यात शेतकरी हा प्रामुख्याने काही करणारा माणूस ठरत होता, ज्याच्यावर काही कोसळतं असा नाही. मी त्यावर एक छानसं स्पष्टीकरणही लिहून ठेवलं होतं! आणखी वाईट म्हणजे ‘मजुरांना’, ‘सरकारला’, ‘बँकेने’ या शब्दांना असा काही त्रास नाही, म्हणून तुलनाही वाकडी झाली. अधिकारी, कर्मचारी, व्यापारी हे सगळे ‘री’कारान्त लोक मात्र शेतकऱ्याच्याच रांगेत.

हे माझ्यापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. पण आमच्या क्षेत्रातली नेहमीची साधनंही हेच करतात. गूगलच्या २०१८ च्या बर्ट मॉडेलसोबत मजकूर साफ करण्याची जी पायरी येते, ती नियंत्रण-चिन्हांसोबत शून्य रुंदीचा जोडकही काढून टाकते. म्हणजे तिसऱ्या वाटेचा ‘दऱ्या’ तिथे ‘दर्या’ होतो, डोंगराचा समुद्र. त्याच मॉडेलच्या बहुभाषिक ‘अनकेस्ड’ प्रकारात तर युरोपी भाषांचे स्वरचिन्ह गाळायला म्हणून लिहिलेला नियम आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही गाळतो. पुढे त्याच गटाने ‘केस्ड’ प्रकार वापरा अशी शिफारस केली. ती चांगलीच, पण जोडक गाळणं त्यानेही थांबत नाही.

न दिसणाऱ्या चिन्हांची प्रोग्रॅमरांना भीती वाटते, आणि ती अगदी निराधार नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची अ‍ॅप बंद पडत होती, आणि त्या क्रमातही एक शून्य रुंदीचं चिन्ह होतं. अ‍ॅपलने ११.२.६ ही दुरुस्ती काढली. पण त्यावर उपाय इंजिन दुरुस्त करणं हा होता, चिन्ह पुसणं हा नव्हे. फारसी लिहिणाऱ्यांना विचारा. त्यांचा ‘नीम-फासला’ म्हणजे असंच न दिसणारं चिन्ह, आणि त्याच्याशिवाय त्यांचं शुद्धलेखनच पूर्ण होत नाही.

मग तिसरी वाट बंदच करून टाकावी का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण नेपाळीतही हा र लागतो, तिथे ऱ हे अक्षर वर्णमालेत नाही, आणि ते जोडकाच्याच वाटेने लिहितात. आपल्या सोयीसाठी त्यांचा मजकूर मोडायचा अधिकार आपल्याला नाही. मराठीपुरता एक नियम मात्र करता येतो, आणि मी तो केला : मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रत काढायची, आणि त्या प्रतीत दुसरं काहीही साफ करण्याआधी ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालायचं. मग बाकीची सफाई. क्रम उलटा झाला तर खेळ संपला. ‘शेतकर्यांच्या’ हा शब्द मराठीत नाहीच, त्यामुळे तो नंतरही ओळखून दुरुस्त करता येतो; ‘दर्या’ आणि ‘आचार्याला’ हे मात्र खरे शब्द आहेत, तिथे संदर्भ वाचल्याशिवाय परत फिरता येत नाही.

श आणि ल ची तक्रारही तुम्ही ऐकली असेल. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी गाठीचा श आणि पाकळीचा ल ठरवला, तरी बऱ्याच एडिटरांत हिंदी वळणाचे आकार येतात. ही तक्रार रास्त आहे, आणि इथे फॉन्ट बदलणं हाच उपाय आहे. दोन्ही वळणांच्या श चा क्रमांक एकच. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे आकार ठेवलेले असतात, पण ‘हा मजकूर मराठी आहे’ हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायला जागाच नसते. म्हणून मूळ आकारच मराठी वळणाचे असलेला फॉन्ट निवडावा. पण पाहा, चुकीच्या वळणाचा श वाचणाऱ्याला खटकतो, अर्थ बदलत नाही. पापणीचा र हरवला तर अर्थ बदलतो, आणि बऱ्याचदा कुणाला खटकतही नाही. आपण जी चूक दिसते तिच्यावर भांडतो, आणि जी दिसत नाही ती तशीच पुढे जाते.

दुकानात बसून अर्ज टाइप करणाऱ्या माणसाने क्रमांक पाठ करावेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने तर त्याचं काम चोख केलं : चूक पाहिली, हाताने सुधारली. जबाबदारी कळफलक बनवणाऱ्यांची आहे, की मराठीसाठी ऱ चीच वाट द्यावी. शोधयंत्र लिहिणाऱ्यांची आहे, की तिन्ही वाटा एक धराव्यात. आणि माझ्यासारख्यांची आहे, की मोजण्याआधी तपासावं. मराठी चालतं की नाही हे पाहायला ‘नमस्ते’ किंवा ‘क्षत्रिय’ टाइप करून भागत नाही. ते शब्द हिंदीतही आहेत, आणि हिंदीला या र ची गरज पडत नाही.

तुम्हाला पाहायचं असेल तर एक सोपी चाचणी. फोनवर ‘वऱ्हाड’ लिहा, स्वतःलाच पाठवा, संगणकावर साध्या एडिटरमध्ये चिकटवा. मग संगणकाच्या कळफलकाने तोच शब्द शोधा. सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर फॉन्ट बदलू नका. आत कोणते क्रमांक आहेत ते बघा.

माझा तक्ता मी नव्याने मोजायला घेतला आहे. ते छानसं स्पष्टीकरण खोडलं. आणि पुढच्या वेळी घाटंजीला गेले, की दादांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे : र डोक्यावर चढला नव्हता, त्याला खाली धरून ठेवणारं चिन्ह कुणीतरी कचरा समजून फेकलं होतं.